“आम्ही समजून घेऊ” : पूर्व तिमोर, 1975

किसिंजरचं नाव निघालं की आपल्याकडे 1971 निघतंच. निक्सन, याह्या खान, ढाक्याच्या अमेरिकी वकिलातीतून गेलेली निषेधाची तार, बंगालच्या उपसागराकडे निघालेलं सातवं आरमार. हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे, कारण त्यात आपण होतो आणि शेवटी आपण जिंकलो. पण याच माणसाने बरोबर चार वर्षांनी, पुन्हा डिसेंबरातच, आणखी एका ठिकाणी जवळपास तेच केलं. तिथे मात्र सोडवायला कुणा शेजाऱ्याचं सैन्य आलं नाही. आणि त्या वेळी भारताने मत कुणाच्या पारड्यात टाकलं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

आजची पोस्ट त्यावर. लांब आहे, चहा घेऊनच बसा.

गोष्ट पूर्व तिमोरची. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला, इंडोनेशियाच्या बेटांच्या माळेत तिमोर नावाचं बेट आहे. त्याचा पश्चिमेकडचा भाग डचांचा, पूर्वेकडचा पोर्तुगीजांचा. डच गेले तेव्हा पश्चिम तिमोर इंडोनेशियात गेला, पूर्व तिमोर पोर्तुगालकडेच राहिला. राजधानीचं नाव दिली (आपली दिल्ली नव्हे, नीट वाचा). माझ्यासारख्या गोव्याच्या वेशीवर वाढलेल्या माणसाला यात एक ओळखीची खूण दिसते. 1844 पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या हाताखाली चालायचा. एकाच धन्याच्या दोन वसाहती. एक दाराशी, एक समुद्रापार.

1974 च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. नव्या सरकारला वसाहती नकोच होत्या. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने कागदोपत्री मान्य केलं तेही त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबर 1974 ला. तिमोरमध्ये पहिल्यांदाच राजकीय पक्ष उभे राहिले. ऑगस्ट 1975 मध्ये त्यातल्या यूडीटी या पक्षाने बंड केलं, छोटं यादवी युद्ध झालं, दीड ते तीन हजार माणसं मेली आणि फ्रेतिलिन हा डावीकडे झुकलेला पक्ष जिंकला. पोर्तुगीज गव्हर्नर आधीच समोरच्या अताउरो बेटावर निघून गेला होता. 28 नोव्हेंबरला फ्रेतिलिनने स्वातंत्र्य जाहीर केलं. ते नऊ दिवस टिकलं.

आता जकार्तात बसलेल्या सुहार्तोकडे बघू. हा माणूस सत्तेवर आला तोच 1965–66 च्या कत्तलींवरून चालत. कम्युनिस्ट आणि कम्युनिस्ट असल्याचा संशय असलेली किमान पाच लाख माणसं त्या काही महिन्यांत मारली गेली. जकार्तातल्या अमेरिकी वकिलातीने तेव्हा कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या नावांच्या याद्या इंडोनेशियन लष्कराला पुरवल्या होत्या. वॉशिंग्टनच्या हिशेबात सुहार्तो म्हणजे आग्नेय आशियातला सगळ्यात भरवशाचा माणूस. त्यात 1975 हे अमेरिकेसाठी नाचक्कीचं वर्ष. एप्रिलमध्ये आधी नॉम पेन्ह पडलं, मग सायगाव पडलं. तिमोरच्या उत्तरेला ओम्बाई–वेटारची खोल सामुद्रधुनी, जिथून अमेरिकेच्या अणुपाणबुड्या पाण्याखालून जाऊ शकत. शीतयुद्धात नियम एकच होता: आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा. आणि सुहार्तो बाब्या होता.

तरीही, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, सुहार्तो कचरत होता. ऑगस्टपासून त्याचे सेनापती “घुसू द्या” म्हणून मागे लागले होते आणि तो चालढकल करत होता. का? माणुसकी म्हणून नव्हे. सीआयएचे त्या काळातले अहवाल आता उघड झाले आहेत. त्यात स्वच्छ म्हटलंय की अमेरिकी शस्त्रं फक्त स्वसंरक्षणासाठी वापरायची अट आहे, याची सुहार्तोला पुरती जाणीव आहे. त्याच्या सैन्याची सुमारे 90 टक्के शस्त्रसामग्री अमेरिकन होती. शेजारचा देश गिळायला तीच वापरली आणि अमेरिकेने नळ बंद केला तर? ही भीती होती. म्हणजे वॉशिंग्टनने नुसतं “बघा हं” म्हटलं असतं तरी त्याला वजन होतं. हे मी आज मागे वळून म्हणत नाहीये, ते तेव्हाच वॉशिंग्टनच्या टेबलावर लिहून ठेवलेलं होतं.

6 डिसेंबर 1975. राष्ट्राध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर चीनचा दौरा आटपून जकार्तात मुक्कामाला. सुहार्तोशी बैठक. या बैठकीचा इतिवृत्तान्त 2001 मध्ये पूर्ण खुला झाला आणि मी तो वाचला तेव्हा मला सगळ्यात भयंकर काय वाटलं असेल तर त्यातली सभ्यता. कुणी आवाज चढवत नाही, कुणी मारण्याचं नाव काढत नाही. सुहार्तो म्हणतो, तिमोरमध्ये काही झटपट किंवा कठोर पाऊल उचलावं लागलं तर तुम्ही समजून घ्यावं. फोर्ड म्हणतो, आम्ही समजून घेऊ, या विषयावर तुमच्यावर दबाव आणणार नाही. मग किसिंजर बारकाव्यात शिरतो. अमेरिकन शस्त्रं वापरलीत तर अडचण होऊ शकते, पण ते आपण त्याचा अर्थ कसा लावतो त्यावर आहे, स्वसंरक्षण म्हणायचं की परदेशातली कारवाई. जे कराल ते लवकर यशस्वी होऊ दे. आणि आम्ही घरी पोचल्यावर झालं तर बरं, म्हणजे अमेरिकेतली प्रतिक्रिया सांभाळता येईल.

एवढंच. आपल्याकडे गावात एखाद्याच्या जमिनीत घुसायचं असलं की लोक आधी तालुक्याला जाऊन “साहेबांच्या कानावर घालून” येतात. साहेब होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, फक्त म्हणतो “बघा, माझ्यापर्यंत काही येऊ देऊ नका.” परत आलेला माणूस काय समजायचं ते समजतो. जकार्तात यापेक्षा वेगळं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिलीवर छत्रीधारी सैनिक उतरले. मोहिमेचं नाव सेरोजा, म्हणजे कमळ. युद्धनौकांतून तोफा, वरून सैनिक, आणि मग दोन-तीन दिवस शहरात मिळेल त्याला गोळी. धक्क्यावर लोकांना आणून ओळीने उभं केलं, गोळ्या घातल्या आणि प्रेतं समुद्रात गेली. त्यात रॉजर ईस्ट हा ऑस्ट्रेलियन पत्रकारही होता. दिलीत थांबलेला तो शेवटचा परदेशी पत्रकार. त्याआधी ऑक्टोबरमध्ये बालिबो या सरहद्दीवरच्या गावी पाच तरुण पत्रकारांना इंडोनेशियन सैन्याने मारलं होतं, तेव्हा त्यांच्या सरकारांनी “गोळीबारात सापडले” ही गोष्ट बिनबोभाट गिळली होती. ते मुद्दाम मारले गेले, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयीन चौकशीने काढला तो 2007 मध्ये.

वॉशिंग्टनला परतल्यावर काय झालं? आता खरी कारकुनी सुरू होते. परराष्ट्र खात्यातल्या काही अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे लेखी नोंद केली की अमेरिकन शस्त्रांचा वापर बेकायदा झालाय. 18 डिसेंबरच्या बैठकीत किसिंजर त्यांच्यावर उखडला. चुकीचं लिहिलं म्हणून नव्हे, लिहिलंच कशाला म्हणून. कागद फुटतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी कायद्याला तोंड दाखवायला इंडोनेशियाच्या नव्या शस्त्रमागण्यांना काही महिने “स्थगिती” दिली गेली. फक्त दोन गोष्टी होत्या. आधीच मंजूर झालेला माल जात राहिला. आणि स्थगिती दिली आहे हे इंडोनेशियाला कळवलंच नाही! ज्याला शिक्षा केली त्यालाच शिक्षेचा पत्ता नाही, अशी शिक्षा मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

संयुक्त राष्ट्रसंघात सुरक्षा परिषदेने 22 डिसेंबरला एकमताने ठराव केला की इंडोनेशियाने विनाविलंब सैन्य मागे घ्यावं. अमेरिकेनेही हात वर केला. मग पुढे काही का झालं नाही? याचं उत्तर अमेरिकेचे तिथले तेव्हाचे राजदूत मॉयनिहन यांनी स्वतःच आपल्या आठवणींच्या पुस्तकात देऊन ठेवलंय. राष्ट्रसंघ जे काही पावलं उचलेल ती कुचकामी ठरावीत अशी परराष्ट्र खात्याची इच्छा होती, ते काम माझ्याकडे होतं आणि मी ते बऱ्यापैकी यशस्वीपणे पार पाडलं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. कबुली म्हणावी की बढाई, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. 12 डिसेंबर 1975 ला राष्ट्रसंघाच्या आमसभेत इंडोनेशियाचा निषेध करणारा ठराव आला. 72 मतं बाजूने, 10 विरोधात, 43 तटस्थ. अमेरिका तटस्थ राहिली. विरोधात, म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूने मत देणाऱ्या दहा देशांत भारत होता. ढाक्यात नरसंहार चालू असताना जग गप्प का, म्हणून 1971 मध्ये जगभर फिरलेला भारत. कारणं शोधायला अवघड नाहीत. इंडोनेशिया हा बांडुंग परिषदेपासूनचा अलिप्त चळवळीतला सोबती. घरी आणीबाणी. आणि पोर्तुगीज वसाहत शेजाऱ्याने लष्कर घालून घेतली, याला निषिद्ध म्हणायचं तर गोव्याचं काय, हा अडचणीचा प्रश्न. कारणं कळतात. मत मला तरीही गिळवत नाही.

गोव्याची ही तुलना मी अनेकदा ऐकली आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. 1961 मध्ये गोव्याच्या वेळीही महासत्तांचं राजकारण होतंच. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने पडला, आणि त्या ठरावामागे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स होते. म्हणजे आपल्याही डोक्यावर एका महासत्तेची छत्री होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे काय झालं ते बघा ना. सैन्य आलं, दीड-दोन दिवसांत पोर्तुगीज शरण आले. 1963 मध्ये निवडणूक झाली. 16 जानेवारी 1967 ला गोवेकरांना थेट विचारलं गेलं की महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, आणि ते “नाही” म्हणाले. आमच्या भागातल्या कित्येक विलीनीकरणवाद्यांना ते आयुष्यभर झोंबलं, पण निकाल मानला गेला. तिमोरमध्ये 31 मे 1976 ला निवडून-वेचून आणलेल्या पस्तीस-चाळीस जणांची एक “लोकसभा” बसवली, तिने इंडोनेशियात सामील करून घ्यावं अशी विनंती एकमुखाने केली आणि जुलैत 27 वा प्रांत तयार. सामान्य तिमोरी माणसाला पहिल्यांदा खरं मत द्यायला मिळालं ते 1999 मध्ये. सैन्य घुसण्याच्या दिवशी दोन्ही गोष्टी सारख्या दिसत असतील कदाचित. सहा वर्षांनी अजिबात सारख्या नव्हत्या.

आणि मधल्या काळात माणसं मेली. कशी मेली, हे नीट सांगायला हवं, कारण आपल्या डोक्यात नरसंहार म्हटलं की बंदुका येतात. दिली पडल्यावर लोकसंख्येचा मोठा भाग फ्रेतिलिनबरोबर डोंगरात गेला. तिथे शेती केली, दोन वर्षं तग धरला. 1977 पासून इंडोनेशियाने वेढे घालून डोंगर बॉम्बने भाजायला सुरुवात केली. त्यासाठी जे विमान सगळ्यात उपयोगी पडलं ते अमेरिकन ओव्ही-10 ब्रॉन्को. हळू उडणारं, खाली येऊन मारा करणारं, डोंगराळ भागात बंडखोरांविरुद्ध वापरण्यासाठीच बनवलेलं. एव्हाना फोर्ड-किसिंजर गेले होते. व्हाइट हाउसमध्ये मानवी हक्कांचं नाव घेऊन निवडून आलेला जिमी कार्टर होता. ब्रॉन्को त्याच्या काळातही येत राहिली, 1978 मध्ये ए-4 स्कायहॉक लढाऊ विमानांनाही मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ब्रिटनने हॉक विमानांचा करार केला. पक्ष बदलला, मंत्री बदलला, फाइल तशीच पुढे सरकत राहिली.

पिकं जळली. उपाशी माणसं खाली उतरून शरण आली. त्यांना छावण्यांत कोंडलं आणि छावणीपासून लांब जाऊन कसायची, कंद शोधायची बंदी. रेड क्रॉसला 1975 च्या आक्रमणापासून बाहेर ठेवलं होतं, ते 1979 मध्ये आत आले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. स्वतंत्र तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने पुढे मोजदाद केली. 1974 ते 1999 या काळात संघर्षामुळे किमान 1,02,800 मृत्यू. त्यातले सुमारे 18,600 ठार मारलेले किंवा बेपत्ता. बाकीचे सुमारे 84,200 भुकेने आणि आजाराने. ही किमान संख्या आहे, आयोगाचा वरचा अंदाज 1,83,000 पर्यंत जातो. 1975 मध्ये तिथली सगळी लोकसंख्या साधारण साडेसहा लाख. हिशेब तुम्हीच करा. याच आयोगाने फ्रेतिलिनने डिसेंबर 1975 नंतर आपल्या ताब्यातल्या विरोधी पक्षांच्या कैद्यांना ठार केल्याचंही लिहिलंय, तेही सांगायलाच हवं.

सोळा वर्षं जगाने हे जवळपास पाहिलंच नाही. मध्येच 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाशी तिमोरच्या समुद्रातल्या तेलाच्या वाटणीचा करार केला. दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी त्याच समुद्रावरून उडणाऱ्या विमानात सह्या केल्या, शॅम्पेन घेतली. मग 12 नोव्हेंबर 1991 ला दिलीच्या सांता क्रूझ कब्रस्तानात एका तरुणाच्या स्मरणार्थ निघालेल्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, अडीचशेहून जास्त माणसं गेली. फरक इतकाच की या वेळी मॅक्स स्टाल नावाचा ब्रिटिश छायाचित्रकार तिथे होता. अटक होण्याआधी त्याने टेप एका कबरीत पुरून ठेवली आणि नंतर उकरून बाहेर नेली. 1996 मध्ये बिशप बेलो आणि रामोस-होर्ता यांना शांततेचं नोबेल मिळालं.

आता 1999. सुहार्तो गेला होता, त्याच्या जागी आलेल्या हबीबीने सार्वमत घ्यायचं मान्य केलं. 30 ऑगस्टला धमक्यांना न जुमानता 98 टक्क्यांहून जास्त लोक मतदानाला आले आणि 78.5 टक्के लोक स्वातंत्र्य म्हणाले. निकाल लागताच लष्कराने पोसलेल्या टोळ्या सुटल्या. सुमारे 1,400 माणसं मारली, दोन लाखांवर लोक पश्चिम तिमोरमध्ये हाकलले, घरं-शाळा-दवाखाने जाळले. इंडोनेशिया परकीय शांतिसैन्याला पाय ठेवू देईना. 9 सप्टेंबरला क्लिंटनने इंडोनेशियाशी लष्करी संबंध तोडल्याचं जाहीर केलं, पाठोपाठ शस्त्रविक्री थांबवली, नाणेनिधीच्या कर्जाचा विषयही निघाला. 12 सप्टेंबरला हबीबी तयार झाला. 20 तारखेला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालचं सैन्य दिलीत उतरलं.

तीन दिवस लागले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. 1999 मध्ये शीतयुद्ध संपलं होतं आणि आर्थिक संकटाने इंडोनेशिया गुडघ्यावर आला होता, 1975 मध्ये तसं नव्हतं. अर्धं खरं आहे. 1975 च्या सुरुवातीलाच इंडोनेशियाची सरकारी तेल कंपनी पेर्तामिना कर्जफेडीत बुडाली होती, पुढे आकडा 10 अब्ज डॉलरच्या घरात निघाला, आणि सुहार्तोला पाश्चात्त्य पैशाची तेव्हाही तितकीच गरज होती. शीतयुद्धाचं म्हणाल तर फ्रेतिलिनच्या मागे ना रशियाचं आरमार होतं ना चीनचं. साडेसहा लाखांचा तो प्रदेश दुसरा क्यूबा होणार, हे भूत वॉशिंग्टनमध्ये खरंच कुणाला दिसत होतं की सोयीचं होतं, याबद्दल मला शंका आहे. उघड झालेले कागद वाचून माझं मत असं झालंय की त्यांनी तिमोरचा फार विचारच केला नव्हता. जकार्ताच्या त्या बैठकीतही तो अनेक विषयांतला एक विषय होता. वाईट हेतू असता तर निदान कुणीतरी त्यावर भांडलं असतं. इथे नुसती बेफिकिरी होती, आणि तिच्या हातात शस्त्रांची चावी होती.

आणि ही फक्त अमेरिकेची खोड आहे असं समजून खूश होऊ नका कुणी. हंगेरी, अफगाणिस्तान इथे रशियाने काय केलं ते जगजाहीर आहे, आणि पोल पॉटला चीनने पोसलं. तिमोरचं उदाहरण मी घेतलं कारण इथे परवानगीचा कागद सापडला आहे. बाकी ठिकाणी तो बहुधा लिहिलाच जात नाही.

किसिंजर 1995 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका जाहीर कार्यक्रमात म्हणाला होता की जकार्तात असताना तिमोरची चर्चा आमच्याशी झालीच नाही, विमानतळावर निघताना कुणीतरी सांगितलं. सहा वर्षांनी इतिवृत्तान्त पूर्ण खुला झाला. त्याने काही बिघडलं नाही, तो 2023 मध्ये शंभराव्या वर्षी आपल्या घरी वारला. सुहार्तो 2008 मध्ये गेला, तिमोरसाठी एकही खटला न चालता.

पूर्व तिमोर 20 मे 2002 ला स्वतंत्र झाला. मी वर सांगितलेल्या आयोगाच्या अहवालाचं नाव आहे “शेगा!”. पोर्तुगीज शब्द, अर्थ “पुरे!”. त्यात एक शिफारस अशी की ज्यांनी इंडोनेशियाला लष्करी पाठबळ दिलं त्या मोठ्या देशांनी, म्हणजे अमेरिका, ब्रिटन वगैरेंनी, तिमोरच्या बळींना भरपाई द्यावी. नोव्हेंबर 2005 मध्ये हा अहवाल संसदेपुढे ठेवताना राष्ट्राध्यक्ष शनाना गुश्मांव यांनी, ज्यांनी स्वतः डोंगरात लढून पुढे इंडोनेशियाच्या तुरुंगात वर्षं काढली होती, या शिफारशीपासून स्वतःला दूर ठेवलं. नवा देश, बाजूला इंडोनेशिया, आणि मदतीसाठी हात पसरायचे ते याच मोठ्या देशांपुढे. भरपाई आजवर कुणी दिलेली नाही.